घरी विचारून सांगते

कुणी काहीही विचारलं, की वीणा उपळेकरचं उत्तर ठरलेलं: "घरी विचारून सांगते." गणपतीच्या कार्यक्रमात निवेदन करशील का? घरी विचारून सांगते. शनिवारी संशोधन संस्थेत जादा यायला जमेल का? घरी विचारून सांगते. आणि गंमत म्हणजे ही बाई घरी कुणालाही काही विचारत नसे. घरी होतंच कोण? एक नवरा, जगदीश, जो सकाळी सातला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत जायचा आणि जेवायच्या वेळी उगवायचा. एक मुलगी, अपूर्वा, जी आईच्या मराठीला जपानीत उत्तरं देत देत मोठी झाली आणि आता तोक्योला कॉलेजच्या वसतिगृहात होती. दोघांपैकी कुणालाच आईच्या शनिवारशी काही देणंघेणं नव्हतं.

पण साताऱ्याच्या माहेरी वळणच तसं होतं. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि पटकन हो म्हणून उतावळेपणाही दाखवायचा नाही. घरी विचारून सांगते म्हटलं की एक दिवस मिळतो. त्या एका दिवसात वीणा आपलं आपण ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी खुशाल सांगायची, "घरून होकार आहे" किंवा "घरून जरा अडचण आहे हो." नागोयाला आली तेव्हा तिनं हे वाक्य जसंच्या तसं जपानीत नेलं. तिथं तर ते साखरेसारखं विरघळलं. जपानी माणसालाही तोंडावर नाही म्हणणं जड जातं. संस्थेतल्या बायका म्हणायच्या, उपळेकर-सान, म्हणजे उपळेकरजी, किती मर्यादशील! कानायामा स्टेशनजवळ भाषांतराचं छोटं ऑफिस चालवणाऱ्या इवाता-सान तिला दर वर्षी विचारायच्या, आमच्याकडे येता का? वीणा दर वर्षी हसून म्हणायची, घरी विचारून सांगते. इवाता-सान काय समजायचं ते समजायच्या आणि पुढच्या वर्षी परत विचारायच्या.

संस्थेत वीणाचं काम शब्दकोशाचं. जपानीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश चालला होता आणि नऊ वर्षं वीणा त्यावर बसून होती. कुठला शब्द कधी गेला, कुणी नेला, नेताना त्याचं काय झालं, याच्या नोंदी. प्रकल्पाचे प्रमुख कुवाबारा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, साठी ओलांडलेले, इतके हळू बोलणारे की ऐकायला पुढं वाकावं लागे. माणूस सज्जन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात तुम्ही त्यांच्यावर दात ओठ खाल, आणि ते बरोबर होणार नाही.

एका नोंदीनं वीणाचे चार महिने खाल्ले. शब्द होता 'मिकाडो'. जपानच्या सम्राटाला इंग्रज एके काळी सर्रास मिकाडो म्हणत. अठराव्या शतकातल्या पुस्तकांतून तो शब्द इंग्रजीत शिरला आणि एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रांतून नुसता नाचला. आता तो जुनापुराणा झालाय, जपानी लोक स्वतः 'तेन्नो' म्हणतात. पण मिकाडोचा अर्थ काय? बहुतेक अभ्यासक सांगतात तो अर्थ साधा आहे. 'मि' हा मान दाखवणारा, आणि 'कादो' म्हणजे दार. मानाचं दार. राजवाड्याचा दरवाजा! आत बसलेल्याचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून लोक दाराचं नाव घेत. दाराची आज्ञा झाली, दाराला राग आला. इंग्रजांनी ते दारच उचललं आणि सम्राटाची पदवी म्हणून छापून टाकलं.

हे वाचलं तेव्हा वीणा खुर्चीतच खुदकन हसली. तिची आत्या जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेत नसे. काकांना चहा विचारायचा झाला तर म्हणायची, "इकडून चहा घेणं होईल ना?" इकडून! पाच फूट दहा इंचांचा, मिशीवाला, कोर्टात नोकरी करणारा माणूस, आणि आत्यानं त्याची पार दिशा करून टाकलेली. वीणानं हे टिपणात लिहिलं. माणसाचं नाव टाळायचं आणि त्याच्या जागेचं नाव घ्यायचं, ही चाल मराठी बायकांच्या बोलण्यातही होती, असं. वर हेही लिहिलं, की आजही मराठी बाई 'घरी विचारते' म्हणते तेव्हा घर म्हणजे बहुतेक वेळा नवराच असतो.

सेन्सेईंनी ते टिपण वाचलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. म्हणाले, "हे राहू दे. हे फार सुंदर आहे." वीणा आठवडाभर हवेत होती.

आता खरी गोष्ट. संस्थेत करारावर दहा वर्षं भरायच्या आत माणसाला एकतर कायम करायचं, नाहीतर निरोप द्यायचा, असा शिरस्ता होता. वीणाचं दहावं वर्ष तोंडावर आलं होतं. जूनमध्ये सेन्सेईंनी तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, कायमची एक जागा निघते आहे, मी तुमचं नाव समितीपुढं ठेवू इच्छितो, तुमची इच्छा आहे का? वयाची अठ्ठेचाळिशी आलेली. पुण्यात होती तेव्हा बाईनं आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात घालवलेली, मग नवऱ्याच्या बदलीमागं इथं आलेली, शून्यापासून जपानी शिकलेली. अशा बाईला कुणीतरी म्हणत होतं, इथं कायमच्या बसा. आणि तिच्या तोंडातून काय निघावं?

"घरी विचारून सांगते."

काय म्हणावं या बाईला!

पण या वेळी तिनं खरंच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. जगदीश वरणभात कालवत होता. तिनं सगळं सांगितलं, सांगताना आवाज चिरकला. जगदीशनं मान वर केली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "अगं, मग विचारतेस काय वेड्यासारखी? हो म्हण की!" वीणाच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवरा असावा तर असा, असं तिनं रात्री अपूर्वाला फोनवर सांगितलंसुद्धा. सोमवारी सेन्सेईंना कळवलं, घरून होकार आहे. अर्ज भरला. अर्जासाठी फोटो काढायला जगदीश स्वतः बरोबर आला, पदर नीट कर म्हणाला.

जुलैत संस्थेची उन्हाळी पार्टी होती, गच्चीवर, घरच्या माणसांसकट. जगदीश आला. वीणा संस्थेतल्या मुलींच्या घोळक्यात गप्पा मारत होती आणि लांबून तिला दिसलं, की सेन्सेई आणि जगदीश कठड्यापाशी उभे राहून बोलताहेत. सेन्सेईंचा आवाज हळू, म्हणून जगदीश पुढं वाकलेला. मग सेन्सेई वाकलेले. जगदीशनं त्यांचा ग्लास भरला, दोन्ही हातांनी, अगदी रीतीप्रमाणं. वीणाला कौतुक वाटलं. ह्यांचं जपानी सुधारलं बाई, असं तिला वाटलं.

नोव्हेंबरात उत्तर आलं. समितीत एकमत होऊ शकलं नाही. सेन्सेई उभे राहिले आणि कमरेत वाकून बराच वेळ तसेच राहिले. वीणाच उलट म्हणाली, "नाही नाही, तुम्ही कशाला," आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली.

घरी जगदीशनं तिला जवळ घेतलं. खिचडी त्यानं केली, थोडी करपली, पण केली. "जाऊ दे गं," म्हणाला, "या लोकांना तुझी किंमत नाही. वरून हसतील, आतून बाहेरचीच समजतील." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोन आठवड्यांनी तो म्हणाला, की पुण्याच्या कारखान्यात त्याला मोठी जागा मिळते आहे, एप्रिलपासून. बघ, एक दार बंद झालं तर देवानं दुसरं उघडलं. इतकं पटकन सगळं जुळवून आणलंत तुम्ही माझ्यासाठी, असं वीणा त्याला म्हणाली. होय, असं म्हणाली ती! आणि त्या माणसानं ते ऐकून घेतलं आणि चहाचा घोट घेतला.

हिवाळा सामान आवरण्यात गेला. वीणा पुस्तकं खोक्यांत भरायची आणि मधेच बसून राहायची. समितीत कोण विरोधात गेलं असेल, याचा ती मनात हिशोब मांडायची. लायब्ररीतल्या ओनो-सान हल्ली नजर टाळतात, त्या असतील. वरच्या मजल्यावरचे दुसरे प्राध्यापक असतील, त्यांना परदेशी उच्चार खपत नाहीत. एकेकाशी ती मनातल्या मनात भांडली. ओनो-सानना तर तिनं निरोपाच्या वेळी नीट नमस्कारही केला नाही. बिचाऱ्या ओनो-सान! त्यांच्या घरी आजारपण होतं, म्हणून त्या खाली बघून चालत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सेन्सेईंनी तिला शेवटचं बोलावलं. टेबलावर कोशाची छापून आलेली पानं होती. मिकाडोची नोंद वर. खाली तिचं टिपण, तिच्या आत्याच्या 'इकडून'सकट. शेजारी सुंदर कागदात बांधलेलं एक खोकं. सेन्सेईंनी ते दोन्ही हातांनी पुढं केलं.

"हे उपळेकर-सानसाठी. म्हणजे, तुमच्या यजमानांसाठी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात त्यांनी माझ्याशी जो मोकळेपणा दाखवला, त्याबद्दल. आता तुम्ही निघालात, तेव्हा बोलायला हरकत नसावी."

"कसला मोकळेपणा?" वीणानं विचारलं.

सेन्सेई जरा गोंधळले. त्यांना वाटत होतं, की हिला एव्हाना सगळं ठाऊक असेल. मग नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी सांगितलं, आणि वीणा नेहमीसारखी पुढं वाकून ऐकत राहिली. गच्चीवर त्यांनी जगदीशला सहज चाचपलं होतं, जसं इथं कुठलंही नाव समितीपुढं नेण्याआधी चाचपतात. तेव्हा जगदीश म्हणाला होता, आमचं परत जायचं नक्की आहे. वीणाला थांबायचं नाही. पण तुमचे उपकार आहेत, तुमच्या तोंडावर नाही म्हणायचं तिला जमत नाही, म्हणून ती हो म्हणाली. तिला अवघड होईल असं काही करू नका. समितीनंच नाकारलं असं दिसू द्या, म्हणजे तिचंही मन राहील आणि तुमचंही.

"मी तुमचं नाव समितीपुढं नेलंच नाही," सेन्सेई म्हणाले. "एकमत झालं नाही, हे मी खोटं बोललो. त्याची क्षमा मागायची होती."

वीणा म्हणाली, "पण मी स्वतः हो म्हटलं होतं, सेन्सेई."

"हो. पण तुम्ही आधी म्हणाला होतात, घरी विचारून सांगते. नऊ वर्षं तुम्ही दर वेळी तेच म्हणत आलात." त्यांनी छापलेल्या पानावर बोट ठेवलं. "आणि इथं तुम्हीच लिहिलंय, की घर म्हणजे यजमान. मला वाटलं, खरा शब्द दाराच्या आतूनच यायचा. तो आतून आला, तेव्हा मी तो मानला. मी चूक केली का?"

आता इथं ओरडायचं होतं की नाही? टेबलावर मूठ आपटायची होती की नाही? पण वीणानं खोकं दोन्ही हातांत घेतलं, वाकली आणि म्हणाली, "नाही सेन्सेई. त्यांना नक्की देते." म्हणजे बघा, इतकं झाल्यावरही ती नवऱ्याची अब्रू राखून बाहेर पडली. जिन्यात आल्यावर तिला स्वतःचाच भयंकर राग आला. जाता जाता तिनं एकच विचारलं होतं, ती जागा? कोबेचे एक गृहस्थ एक तारखेपासून येताहेत, सेन्सेई म्हणाले होते.

दुपारची सबवे रिकामी होती. खोकं मांडीवर घेऊन वीणा बसली आणि मागचे नऊ महिने एकेक करून उलटे आठवू लागली. फोटोच्या वेळी पदर नीट कर म्हणाला, तो नंतर उलटला की तेव्हाच ठरवलं होतं? करपलेली खिचडी. या लोकांना तुझी किंमत नाही. ज्या खांद्यावर ती रडली, तो खांदा. सगळ्यात जास्त तिला तीच गोष्ट डसत होती. नोकरी गेली त्याचं तिनं दुःख केलं होतं, पण ते दुःख त्यानं तिच्या शेजारी बसून, तिची पाठ थोपटत बघितलं होतं. मोतोयामाला उतरायचं ती विसरली आणि दोन स्टेशनं पुढं गेली.

घरी जगदीश रजेवर होता. घरातलं मोठं सामान टाकून द्यायचं, तर पालिकेची चिकटपट्टी विकत आणून त्यावर लावावी लागते, मग ठरल्या दिवशी गाडी येऊन नेते. जगदीश हातात पट्ट्या घेऊन घरभर फिरत होता. सोफ्याला लावली होती. कपाटाला लावली होती. खिडकीतल्या तिच्या लिहायच्या टेबलालाही लावली होती.

"आलीस? चहा टाक ना," तो म्हणाला.

वीणानं खोकं त्याच्यापुढं ठेवलं. "सेन्सेईंनी दिलंय. तुमच्यासाठी. गच्चीवर मोकळेपणानं बोललात म्हणून."

जगदीशचा हात पट्टीवरच थांबला. त्यानं खोक्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग परत खोक्याकडं. "काय सांगितलं त्यांनी?"

"सगळं."

"अगं, म्हातारा माणूस, काहीतरी..."

"अहो, निदान आता तरी नको," वीणा म्हणाली. "निदान आता तरी खोटं नको."

तो सोफ्यावर बसला, पट्टी लावलेल्या. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "काय करायला हवं होतं मी? पुण्याची जागा मला मे महिन्यातच कळली होती. बावीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, पहिल्यांदा कारखाना हातात येत होता. तू इथं कायम झाली असतीस, तर मी काय तुझ्या मागं घर सांभाळत बसायचं?"

"मग तसं म्हणायचंत. त्या दिवशी जेवताना म्हणायचंत, वीणा, मला जायचंय."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!" वीणा ओरडली. संसाराच्या सत्तावीस वर्षांत ती अशी ओरडली नव्हती. "भांडले असते. रडले असते. कदाचित आलेही असते तुमच्याबरोबर, देव जाणे. पण मला माहीत असतं ना, की मी कुणाशी भांडतेय! तुम्ही मला हो म्हण म्हणालात आणि मागून जाऊन माझी जीभ कापून आलात. त्या ओनो-सानना मी तीन महिने मनात शिव्या दिल्या. आणि तुम्ही खिचडी करत होतात! केसानं गळा कापलात माझा."

आणि मग जगदीश असं काही बोलला, की वीणा ते शेवटपर्यंत विसरणार नाही. फार शांतपणे बोलला, समजूत घातल्यासारखा. "हे बघ, मी काही आपण होऊन गेलो नव्हतो त्यांच्याकडं. तूच सगळ्यांना सांगत होतीस ना, घरी विचारून सांगते? त्यांनी घरी विचारलं. मी सांगितलं. यात माझं काय चुकलं?"

वीणाला वाटलं होतं तो माफी मागेल. निदान मान खाली घालून गप्प बसेल. एवढी वर्षं तिनं ज्या घराचं दार आडोसा म्हणून वापरलं, त्याच्या आत तर हा खरंच गादी टाकून बसला होता.

तिनं डोळे पुसले. खिडकीपाशी गेली आणि आपल्या टेबलावरची पट्टी एका टोकापासून सोलायला लागली. चांगली चिकटली होती, नखं लागली. जगदीश म्हणाला, "अगं, ते काय करतेस? गाडी गुरुवारी येणार आहे." पट्टी निघाली तेव्हा तिनं ती गोळा करून पर्समध्ये टाकली, मोबाइल काढला आणि टेबलाला टेकून उभी राहिली. व्हिसा तिचा स्वतःच्या कामावरचा होता, नवऱ्याच्या नव्हे, आणि अजून दोन वर्षांचा.

पलीकडून इवाता-सानचा खणखणीत आवाज आला. वीणानं जपानीत विचारलं, दर वर्षी तुम्ही विचारता ती जागा आहे का अजून? आहे म्हणजे काय, इवाता-सान म्हणाल्या, उद्या या. पण तुम्ही तर पुण्याला निघालात ना? मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या मोठ्यानं हसल्या.

"उपळेकर-सान, घरी विचारलंत का पण?"

वीणानं मान वर केली. जगदीश तिच्यापासून चार हातांवर उभा होता, हातात पट्ट्यांची गुंडाळी, डोळे तिच्यावर. ती त्याच्याकडं बघत जपानीतच म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून:

"विचारायला घरी कुणी नाही."

तेवढं जपानी जगदीशला येत होतं.